भूकंपाच्या नोंदींचा रतीब

१. काही मिनिटांत कळते ते कसे?

इंडोनेशियाच्या समुद्रात भूकंप होतो आणि थोड्याच मिनिटांत त्याचे केंद्र कुठे होते, खोली किती होती, धक्का किती मोठा होता, हे जगभर जाहीर होते. भूकंप झाला तिथून हजारो किलोमीटर दूर बसलेल्या शास्त्रज्ञांना हे इतक्या लवकर कळते कसे, हा प्रश्न वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही पडतो.

एकट्या वेधशाळेच्या नोंदीवरून भूकंपाची जागा खात्रीने सांगता येत नाही. अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंपाची नेमकी वेळ अशा चार गोष्टी शोधायच्या असतात. त्यासाठी निदान चार ठिकाणच्या नोंदी लागतात. प्रत्यक्षात डझनावारी असल्या तर उत्तर भरवशाचे येते. या नोंदी वेगवेगळ्या देशांत, डोंगरांवर आणि बेटांवर तयार होतात. त्या एका जागी झटपट गोळा झाल्या नाहीत, तर उत्तम यंत्रे असूनही इशारा वेळेत देता येत नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेने जगभर सुमारे १२० वेधशाळांचे एकसारख्या यंत्रांचे जाळे उभारले. पुण्याची वेधशाळाही त्यात होती. तेव्हा नोंद फोटोच्या कागदावर उमटे, कागद धुतला जाई, टपालाने जाई आणि त्याच्या मायक्रोफिल्म प्रती संशोधकांकडे पोचत. संशोधनासाठी ते पुरेसे होते, इशाऱ्यासाठी मात्र निरुपयोगी. २६ डिसेंबर २००४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप झाला आणि दोन-अडीच तासांनी त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. तो वेळ हाती होता, पण वापरता आला नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत २००७ मध्ये त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या पायाभूत गरजांपैकी एक होती ती भूकंपाच्या नोंदी अखंड आणि तत्काळ मिळण्याची.

ही गरज भागवतो तो एक साधा दिसणारा संगणक. एकीकडून वेधशाळांच्या नोंदी स्वीकारणारा आणि दुसरीकडे मागेल त्याला पाठवत राहणारा हा सर्व्हर कसा मांडायचा, हे या प्रकरणात पाहू. नोंदी घेणाऱ्या दूरच्या संगणकांना क्लायंट म्हणतात.

२. जमिनीची थरथर आकड्यांत

भूकंपमापक जमिनीच्या हालचालीचे विद्युतदाबात रूपांतर करतो. त्याला जोडलेले डिजिटायझर हे उपकरण तो दाब ठरावीक अंतराने मोजून आकडे तयार करते. सेकंदाला १०० मोजमापे हा आज सर्रास आढळणारा वेग आहे. हालचाल तीन दिशांनी मोजतात: उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. म्हणजे एका वेधशाळेतून दर सेकंदाला ३०० आकडे निघतात. प्रत्येक आकडा कोणत्या क्षणाचा हे जीपीएस घड्याळावरून ठरते. ही वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत लिहिली जाते, त्यामुळे देशोदेशींच्या नोंदी शेजारी मांडताना गोंधळ होत नाही.

हे आकडे सुटे पाठवत नाहीत. ते मिनीसीड नावाच्या ठरीव बांधणीच्या पाकिटांत भरतात. नेहमीचे पाकीट ५१२ बाइटचे असते. त्यातले पहिले ६४ बाइट ओळख सांगतात: जाळे कोणते, वेधशाळा कोणती, दिशा कोणती, पहिल्या मोजमापाची वेळ काय, आकडे किती. उरलेल्या ४४८ बाइटमध्ये आकडे दाबून बसवलेले असतात. दाबण्याची युक्ती सोपी आहे. प्रत्येक वेळी पूर्ण आकडा न लिहिता आधीच्या आकड्यापेक्षा तो किती वेगळा आहे, तेवढेच लिहायचे. जमीन शांत असते तेव्हा फरक लहान असतात आणि एका पाकिटात बरेच आकडे मावतात.

पाकिटावरची ओळख अक्षरांच्या संकेतांत असते. उदाहरणार्थ, ‘बीएचझेड’ या तीन अक्षरांत ‘बी’ म्हणजे सेकंदाला १० ते ८० मोजमापे घेणारी विस्तृत पट्ट्याची नोंद, ‘एच’ म्हणजे संवेदनशील भूकंपमापक आणि ‘झेड’ म्हणजे उभी दिशा. सेकंदाला १०० मोजमापे असतील तर पहिल्या अक्षराच्या जागी ‘एच’ येते आणि संकेत ‘एचएचझेड’ होतो. सर्व्हरवर कोणती नोंद कुणाला द्यायची हे पुढे याच संकेतांवरून ठरते. म्हणून ते वेधशाळेपासूनच अचूक असायला हवेत.

३. मागणी एकदा, पुरवठा सतत

संकेतस्थळ पाहताना प्रत्येक पानासाठी नवी मागणी करावी लागते. भूकंपाच्या नोंदींना ही रीत चालत नाही, कारण पुढचे पाकीट कधी तयार होईल हे क्लायंटला ठाऊक नसते. इथे रीत असते ती दुधाच्या रतिबाची. कोणते दूध, किती आणि कुठे, हे एकदा सांगितले की रोज न मागता ते दारात येते.

असा रतीब लावण्याची सर्वात रूढ पद्धत म्हणजे सीडलिंक. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या जीएफझेड या भूविज्ञान संस्थेच्या ‘जिओफोन’ जाळ्यासाठी ती विकसित झाली आणि आज जगभर वापरली जाते. सीडलिंक म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट यांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचा ठराव. तो ठराव इंटरनेटच्या टीसीपी या वाहतूक-पद्धतीवर चालतो. टीसीपीमुळे जोडणी चालू असेपर्यंत माहिती क्रमाने आणि न गाळता पोचते.

बोलणे थोडक्यात उरकते. लक्झेंबर्गमधील वाल्फरडांज येथील वेधशाळेचा संकेत ‘डब्ल्यूएलएफ’ आणि तिच्या जाळ्याचा संकेत ‘जीई’ आहे. तिथली उभ्या दिशेची नोंद हवी असेल, तर क्रम असा असतो:

क्लायंट ‘हेलो’ म्हणतो. सर्व्हर आपल्या प्रणालीचे आणि संस्थेचे नाव कळवतो.
क्लायंट ‘स्टेशन डब्ल्यूएलएफ जीई’ असे सांगतो. सर्व्हर ‘ओके’ म्हणतो.
क्लायंट ‘सिलेक्ट बीएचझेड’ असे सांगतो. पुन्हा ‘ओके’ येते.
क्लायंट ‘डेटा’ म्हणतो. पुन्हा ‘ओके’.
क्लायंट ‘एंड’ म्हणतो आणि पाकिटे सुरू होतात.

अनेक वेधशाळा हव्या असतील तर मधल्या तीन ओळी प्रत्येकीसाठी पुन्हा येतात, ‘एंड’ मात्र शेवटी एकदाच. यानंतर क्लायंटने काहीही मागायचे नाही. पाकीट सर्व्हरवर आले की लगेच पुढे रवाना होते.

४. तुटलेला धागा पुन्हा जोडणे

या व्यवस्थेत खरी अडचण वेगाची नसून खंडाची आहे. इंटरनेट जोडणी तुटते, वीज जाते, क्लायंट संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. टीसीपीची हमी जोडणी असेपर्यंतच. जोडणी तुटल्यावर मधल्या पाकिटांचे काय?

यावर सर्व्हरकडे दोन उपाय असतात. पहिला म्हणजे गोल साठा, म्हणजेच रिंग. डिस्कवर ठरावीक आकाराची जागा राखून ठेवलेली असते. आलेली पाकिटे तिच्यात एकापुढे एक लिहिली जातात. जागा संपली की लेखन पुन्हा सुरुवातीला येते आणि सर्वात जुन्या पाकिटावर नवे लिहिले जाते. क्लायंटने वाचल्यामुळे साठ्यातले काही कमी होत नाही. एकच पाकीट दहा क्लायंट आपापल्या गतीने वाचू शकतात. साठ्याचा आकार ठरलेला असल्यामुळे डिस्क भरून सर्व्हर बंद पडण्याची भीतीही नसते.

दुसरा उपाय म्हणजे क्रमांक. सर्व्हर प्रत्येक पाकिटाला क्रमांक देतो आणि पाठवताना त्याच्या पुढे ८ बाइटची चिठ्ठी लावतो: ‘एसएल’ ही दोन अक्षरे आणि सहा अंकी क्रमांक. क्लायंट शेवटी मिळालेल्या पाकिटाचा क्रमांक आणि वेळ आपल्याकडे एका छोट्या फाइलमध्ये, म्हणजे स्थिती-फाइलमध्ये, लिहून ठेवतो. जोडणी पुन्हा झाली की तो नुसते ‘डेटा’ न म्हणता ‘डेटा’ आणि तो क्रमांक सांगतो. सर्व्हर तिथून पुढची सगळी पाकिटे भराभर देतो आणि क्लायंट चालू क्षणाला येऊन मिळतो.

म्हणजे सर्व्हरने मागचे जपायचे आणि क्लायंटने कुठे थांबलो ते लक्षात ठेवायचे. पुढच्या सगळ्या मांडणीमागे हा एकच हेतू आहे.

५. साठा किती मोठा हवा?

हा प्रश्न हिशेबाने सोडवता येतो. दाबून लिहिलेल्या एका आकड्याला सरासरी दीड बाइट लागतो असे धरू. मग ४४८ बाइटच्या जागेत सुमारे ३०० आकडे मावतात. सेकंदाला १०० मोजमापे असतील तर एका दिशेचे एक पाकीट तीन सेकंदांत भरते. दिशा तीन, म्हणून एका वेधशाळेतून सरासरी दर सेकंदाला एक पाकीट निघते.

दिवसात ८६,४०० सेकंद. ८६,४०० गुणिले ५१२ बाइट म्हणजे दिवसाला सुमारे ४४ मेगाबाइट. दहा वेधशाळांचे ४४० मेगाबाइट. साठा १ गिगाबाइटचा ठेवला तर त्यात दोन दिवसांहून थोड्या अधिक काळाच्या नोंदी राहतील.

ते पुरेसे आहे का? क्लायंट संस्थेतील जोडणी शुक्रवारी रात्री तुटली आणि दुरुस्त करणारा माणूस सोमवारी सकाळी आला, तर अडीच दिवस उलटून गेलेले असतात. तोवर शुक्रवार रात्रीची पाकिटे पुसली गेलेली असतात. सलग सुट्ट्या धरून चार दिवसांची तजवीज करायची तर पावणेदोन गिगाबाइट लागतात. त्यावर भूकंपाच्या दिवसांसाठी थोडी मोकळी जागा धरून ३ गिगाबाइट ठेवणे शहाणपणाचे. आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा किरकोळ आहे, म्हणून इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

क्रमांकांचाही हिशेब करावा लागतो. सहा अंक सोळाच्या पायाने लिहिलेले असतात, त्यामुळे १,६७,७७,२१६ क्रमांक उपलब्ध होतात. साऱ्या साठ्याला मिळून एकच क्रममाला असेल, तर सेकंदाला दहा पाकिटांच्या वेगाने ती १९ दिवसांत संपून पुन्हा शून्यावर येते. दहा वेधशाळांना हे चालते. शंभर वेधशाळा असल्या तर दोन दिवसही पुरत नाही. म्हणूनच क्लायंट क्रमांकाबरोबर वेळही सांगतो आणि दोन्ही जुळले तरच जुना धागा खरा मानला जातो. सीडलिंकच्या चौथ्या आवृत्तीत क्रमांकाची जागा मोठी करून ही अडचण दूर केली आहे.

६. सर्व्हर मांडताना

सीडलिंक सर्व्हरसाठी दोन प्रणाली विशेष प्रचलित आहेत. जीएफझेडमधून आलेल्या साइसकॉम्प या मोठ्या संचात एक सीडलिंक सर्व्हर असतो. दुसरी प्रणाली रिंगसर्व्हर. अमेरिकेतील आयरिस या संस्थेने ती तयार केली. २०२३ पासून आयरिस अर्थस्कोप या संघटनेचा भाग आहे. रिंगसर्व्हर एवढेच एक काम करतो, म्हणून मांडणी समजून घ्यायला तो सोयीचा. त्याच्या मांडणीची एक साधी मजकूर-फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी सेटिंगचे नाव आणि पुढे त्याचे मूल्य.

पहिली ओळ ‘रिंगडिरेक्टरी’: साठा डिस्कवर कुठे ठेवायचा. ही जागा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकणारी असावी, नाहीतर दर वेळी साठा कोरा होईल.

दुसरी ‘रिंगसाइझ’: आत्ता काढलेला आकार इथे लिहायचा. काहीच लिहिले नाही तर १ गिगाबाइट धरला जातो.

तिसरी ‘सीडलिंकपोर्ट’. एकाच संगणकावर अनेक सेवा चालतात आणि प्रत्येकीला ओळखक्रमांक असतो, त्याला पोर्ट म्हणतात. सीडलिंकसाठी जगभर १८००० हा पोर्ट रूढ आहे. दुसरा देता येतो, पण मग प्रत्येक क्लायंटला तो वेगळा कळवावा लागतो.

चौथी ‘डेटालिंकपोर्ट’, सहसा १६०००. नोंदी सर्व्हरवर चढवायच्या त्या या वाटेने. सर्व्हर आधीच चालू असलेल्या दुसऱ्या सीडलिंक सर्व्हरवरूनही नोंदी घेऊ शकतो. एक छोटा कार्यक्रम तिकडे क्लायंट बनून पाकिटे घेतो आणि डेटालिंकने इकडे लिहितो. राष्ट्रीय केंद्राच्या नोंदी जागतिक केंद्राकडे अशाच साखळीने जातात.

पाचवी ‘सर्व्हरआयडी’: ‘हेलो’ला उत्तर देताना सांगायचे नाव. ते स्पष्ट असावे. दूर कुठेतरी अडचण आली तर नोंदी कुणाकडून येत होत्या हे त्यावरून कळते.

याशिवाय ‘मॅक्सक्लायंट्स’ म्हणजे एकावेळी जास्तीत जास्त किती जोडण्या आणि ‘क्लायंटटाइमआउट’ म्हणजे किती वेळ गप्प असलेली जोडणी तोडायची, हे सांगता येते. ‘ट्रान्सफरलॉगडिरेक्टरी’ दिली की कुणी किती नोंदी नेल्या याची खतावणी आपोआप तयार होते. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या वेधशाळेला हिशेब द्यायला ती उपयोगी पडते.

सर्व्हरचे स्वतःचे घड्याळही इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी जुळते ठेवावे लागते. पाकिटावरची वेळ वेधशाळेत लागते, पण ते किती उशिरा आले हे सर्व्हरच्या घड्याळावरून मोजतात. ते २० सेकंद मागे असेल तर पाकीट तयार होण्याआधीच पोचल्याचे दिसेल, आणि खरा उशीर कधीच लक्षात येणार नाही.

७. घेणारे आणि लिहिणारे

नोंद वाचण्याची परवानगी आणि नोंद लिहिण्याची परवानगी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. भूकंपाच्या नोंदी खुल्या ठेवण्याची परंपरा मोठी आहे आणि ती समाजाच्या हिताची आहे: शेजारच्या देशाची नोंद आपल्याला मिळते म्हणून आपला इशारा अचूक होतो. त्यामुळे १८००० हा पोर्ट बऱ्याच संस्था सर्वांसाठी उघडा ठेवतात.

लिहिण्याची परवानगी मात्र मोजक्यांनाच. कुणीही खोटी पाकिटे चढवू शकला, तर न झालेला भूकंप नकाशावर उमटेल. रिंगसर्व्हरमध्ये ‘राइटआयपी’ या सेटिंगमध्ये लिहिणाऱ्या संगणकांचे पत्ते द्यायचे असतात. काहीच दिले नाही तर फक्त त्याच संगणकावरच्या कार्यक्रमांना लिहिता येते. शिवाय नको त्या जोडण्या अडवणाऱ्या फायरवॉलमध्ये १६००० हा पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद ठेवावा, म्हणजे एक कुलूप चुकून उघडे राहिले तरी दुसरे असते.

वाचणाऱ्यांमध्येही फरक करता येतो. ‘लिमिटआयपी’ने काही पत्त्यांना ठरावीक वेधशाळाच दाखवता येतात, ‘रिजेक्टआयपी’ने एखादा पत्ता पूर्ण बंद करता येतो. जुन्या सीडलिंकमध्ये पासवर्ड नाही आणि माहिती उघड्या रूपातच जाते, म्हणून सारी मदार पत्त्यांवर असते. नव्या आवृत्त्यांत ओळख पटवण्याची आणि कूटबद्ध जोडणीची सोय आहे.

८. उशीर कुठे होतो?

इशारा देणाऱ्यांना सेकंदही मोलाचे असतात. सर्वसाधारण समज असा, की उशीर इंटरनेटमुळे होतो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा पाकीट भरण्याची वाट पाहण्यात होतो.

सेकंदाला १०० मोजमापे असताना पाकीट तीन सेकंदांत भरते, हे वर पाहिले. मोजमापे सेकंदाला २० असतील तर त्याच पाकिटाला १५ सेकंद लागतात. भूकंपाची पहिली लाट, म्हणजे प्राथमिक लाट, भूकवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. १५ सेकंदांत ती ९० किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणून इशाऱ्यासाठीच्या वेधशाळा जास्त वेगाने मोजमापे घेतात किंवा पाकीट पूर्ण भरण्याआधीच पाठवतात. त्यात थोडी जागा वाया जाते, पण वेळ वाचतो.

भूकंपाच्या क्षणी आणखी एक गोष्ट घडते. जमीन जोरात हलली की शेजारच्या आकड्यांतले फरक मोठे होतात, दाबण्याची युक्ती कमी चालते आणि एका पाकिटात ३०० ऐवजी शंभरच्या आसपासच आकडे मावतात. पाकिटे अडीच-तीन पट वेगाने सुटतात, तीही साऱ्या वेधशाळांतून जवळजवळ एकदम. त्याच वेळी एरवी शांत असलेले क्लायंटही जोडले जातात.

म्हणून जोडणीची क्षमता शांत दिवसावरून ठरवू नये. दहा वेधशाळांची पाकिटे चिठ्ठीसह सेकंदाला ५,२०० बाइट होतात, म्हणजे सुमारे ४२ किलोबिट. पन्नास क्लायंट असतील तर २.१ मेगाबिट. भूकंपाच्या वेळी हेच सहा मेगाबिटच्या जवळ जाते. याच्या दुपटीहून अधिक क्षमतेची खात्रीची जोडणी आणि दुप्पट क्लायंट मावतील एवढी मर्यादा ठेवली, की नेमक्या गरजेच्या क्षणी सर्व्हर हात टेकत नाही.

९. उघडण्यापूर्वीच्या चाचण्या

सर्व्हर सुरू झाला म्हणजे काम संपले असे नाही. तपासणीसाठी स्लिंकटूल हा छोटा क्लायंट पुरतो, आणि ती दुसऱ्या जाळ्यावरच्या संगणकावरून करावी. त्याच संगणकावरून केली तर फायरवॉलची चूक दिसतच नाही.

पहिली चाचणी ओळखीची. स्लिंकटूलला ‘पी’ हा मोठ्या अक्षराचा पर्याय दिला की तो फक्त हेलो म्हणून उत्तर छापतो. उत्तर आले नाही तर पोर्ट किंवा फायरवॉल पाहावा.

दुसरी चाचणी यादीची. मोठ्या अक्षराचा ‘क्यू’ हा पर्याय सर्व्हरवरचे सगळे प्रवाह, म्हणजे प्रत्येक वेधशाळेची दिशावार नोंद, दाखवतो. प्रत्येक ओळीत पहिल्या आणि शेवटच्या पाकिटाची वेळ असते. शेवटची वेळ आत्ताच्या जागतिक प्रमाणवेळेपेक्षा किती मागे आहे, तो झाला उशीर. एकच वेधशाळा मागे असेल तर दोष तिच्याकडे, सगळ्या मागे असतील तर दोष सर्व्हरकडे किंवा त्याच्या जोडणीकडे. पहिल्या आणि शेवटच्या वेळेतले अंतर म्हणजे साठ्याची खरी खोली. कागदावर काढलेला हिशेब त्यावरून ताडून पाहता येतो.

तिसरी चाचणी सर्वात महत्त्वाची आणि बहुतेक ठिकाणी राहून जाणारी. क्लायंटला स्थिती-फाइल ठेवायला सांगून तो सुरू करावा, मग त्याची नेटवर्क वायर काढून दहा मिनिटे थांबावे. वायर पुन्हा लावली तरी पाकिटे लगेच येतीलच असे नाही. स्लिंकटूल गप्प पडलेली जोडणी ६०० सेकंदांनी मृत मानतो आणि ३० सेकंद थांबून नवी जोडतो, म्हणून थोडा धीर धरावा. नंतर मिळालेल्या नोंदी क्रमाने लावून प्रत्येक पाकिटाची सुरुवात आधीच्याच्या शेवटाला जुळते का ते पाहावे. दहा मिनिटांची पोकळी दिसली, तर स्थिती-फाइल लिहिली जात नाही किंवा साठा पुरत नाही, असा एखादा दोष असू शकतो. पोकळी नसेल, तर सर्व्हर इतरांसाठी उघडायला हरकत नाही.